वडिलांनी कुठे कुठे सह्या केल्यात, ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा: "तालुक्याच्या गावी वडिलांचं हार्डवेअरचं चाळीस वर्षांचं दुकान आहे. गावात त्यांना मान आहे. वाचनालय, पतसंस्था, देवस्थान, कुठेही गेलं तरी कमिटीत त्यांचं नाव असतंच. मी पुण्यातली नोकरी सोडून दुकानात येतोय. बहीण लग्न होऊन ठाण्याला आहे. आई म्हणते, ये, पण बाबांसारखा होऊ नकोस. धंदा, घर आणि गावाची कामं ही तिन्ही सांभाळणारी माणसं नेमकं कसं जमवतात?"

मी चिपळूणच्या बाजारपेठेत हार्डवेअर, रंग आणि नळकामाच्या सामानाचं दुकान चालवतो. 1986 साली गल्ल्यावर बसलो, तेव्हापासून तिथेच आहे. मधल्या काळात शाळेच्या कमिटीवर होतो, एका पतसंस्थेत दोन वेळा संचालक झालो, व्यापाऱ्यांच्या संघटनेत तर अजून आहे. म्हणजे मी तुमच्या वडिलांच्याच पठडीतला माणूस. म्हणूनच सांगतो, तुमच्या आईचं वाक्य हसण्यावारी नेऊ नका.

गाव दुकानदाराला धरतं ते तो फार थोर असतो म्हणून नव्हे. तो जागेवर सापडतो म्हणून. शिक्षकाची बदली होते, साहेब तीन वर्षांत जातो, डॉक्टरकडे रांग असते. दुकानदार सकाळी नऊपासून रात्री साडेआठपर्यंत एकाच खुर्चीत. आमच्या अण्णांच्या वेळी बाजारपेठेत फोन मोजके होते, त्यातला एक आमच्या दुकानात. मुंबईहून चाकरमान्याचा ट्रंक कॉल यायचा, "अमक्या वाडीत निरोप द्या, आई सिरियस आहे." अण्णा हातातलं गिऱ्हाईक सोडून पोराला सायकलवर पिटाळायचे. तिथून सुरुवात झाली. मग कोणीतरी म्हणालं, पावतीपुस्तक तुमच्याकडे ठेवू का, येणारा-जाणारा देईल वर्गणी. मग खजिनदार, मग विश्वस्त. कोणी मिरवणूक काढून तुम्हाला समाजसेवेत घेत नाही, पावतीपुस्तक ड्रॉवरमध्ये येतं आणि तुम्ही आत असता.

याचा धंद्याला फायदा होतो का? लोकांना वाटतं भरपूर होतो. माझा हिशेब निराळा आहे. नाव झालं की गिऱ्हाईक पायरी चढतं हे खरं, पण तेच गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही आमचे अध्यक्ष, तुम्हीच भाव लावणार?" आणि उधारीही तेच मागतं. आमच्या लाईनमध्ये माल मुळात मालक निवडतच नाही, गवंडी आणि प्लंबर निवडतात, आणि त्यांना अध्यक्षपदाशी काही घेणं नसतं. त्यांना टक्का कुठे बरा मिळतो आणि सुटा माल परत कोण घेतो, एवढंच बघायचं असतं.

उधारीचं कोकणातलं गणित तुम्हाला शिकावं लागेल. मे महिन्यात पाऊस तोंडावर असतो, घराघरांत पत्रे, जे हुक, मेणकापड, वॉटरप्रूफिंगचे डबे लागतात. माल मिस्त्री उचलतो. मालक मुंबईला. पैसे येणार गणपतीत, चाकरमानी आला की. म्हणजे मेचा माल आणि भाद्रपदाचे पैसे. आलेच तर. मधल्या तीन महिन्यांत तुमचा घाऊकवाला थांबत नाही. यात एक गोष्ट अण्णांना माहीत नव्हती, मला वकिलाने सांगितली: दुकानदाराची उधारी तीन वर्षांत मुदतीबाहेर जाते, म्हणजे मग कोर्टातून वसूल करता येत नाही. पण त्या आत समोरच्याने "इतके देणं आहे" असं लिहून सही केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. म्हणून मी दर दिवाळीत, चोपडी पूजनाच्या आधी, मोठ्या खातेदारांकडे बाकीचा कागद घेऊन जातो. हसतखेळत सही घेतो. नातेवाईक असला तरी. नातेवाईक असला तर आधी.

सहीचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या आईने जे पाहिलं असेल असं मला वाटतं, ते माझ्या घरचं सांगतो.

1998 ची गोष्ट. एक मित्र आला, बरोबरीने शिकलेला. एका पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढत होता, जामीनदार हवा होता. मी तेव्हा अडीच इंची खिळे तोलत होतो, दोन किलो. एका हाताने तागडी, दुसऱ्या हाताने सही. फॉर्म वाचलाही नाही. चहा घेतला, तो गेला, मी विसरलो. घरी सांगायचं सुचलंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. नाही म्हणणं मात्र शक्य नव्हतं. दुकानात चार माणसं उभी होती आणि मी गावातला देणारा माणूस होतो.

दोन वर्षांनी भर दुपारी पोस्टमन घरी रजिस्टर घेऊन आला. मी दुकानात. बायकोने सही करून घेतलं आणि उघडलं. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तो कागद देव्हाऱ्यासमोर, निरांजनाखाली ठेवलेला होता. ती म्हणाली, "वाचा." एवढंच. मित्र गाव सोडून गेला होता. मी संस्थेत जाऊन भांडलो की आधी त्याच्या मालमत्तेवर जा, मग माझ्याकडे या. वकिलाने समजावलं: 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडे जा असं तुम्ही सावकाराला सांगू शकत नाही, तसं करारात लिहिलेलं नसेल तर. आणि तसं कोणी लिहीत नाही.

फेडायला चार वर्षं लागली. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या. तिने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवसापासून घरी येणारं प्रत्येक पाकीट तीच उघडते, आजही.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. गावाला तीन गोष्टी देता येतात, वेळ, पैसा आणि सही. मी वेळ सढळ देतो, पैसा मोजून देतो आणि सही घरी विचारल्याशिवाय देत नाही. लोक नेमके उलटे करतात. वेळ नाही म्हणतात, पैसे थोडे देतात आणि सही फुकट म्हणून लगेच करतात. कोणी फॉर्म घेऊन आला की मी सांगतो, कागद ठेवून जा, घरी दाखवून उद्या देतो. निम्मे उद्या येतच नाहीत.

पैशाचं असं. एप्रिलमध्ये मागच्या वर्षाचा ताळेबंद हाती आला की नफ्यातला ठरावीक हिस्सा बाजूला काढतो आणि त्याची वेगळी वही असते. ती बायकोकडे. शिमगा, गणपती, नवरात्र, क्रिकेटच्या स्पर्धा, कोणाचं ऑपरेशन, कोणाची फी, सगळं त्यातून. वही संपली की संपली. "वहिनींना विचारतो" हे उत्तर ऐकून सुरुवातीला लोक हसायचे, आता थेट तिच्याकडेच जातात, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं निवडते. क्रिकेटवाल्यांचे अर्धे करून तिने एका मुलीची नर्सिंगची फी भरली, मंडळ महिनाभर माझ्याशी बोलत नव्हतं. करसवलतीसाठी देत असाल तर आयकरात दोन हजारांच्या वरची रोख देणगी धरली जात नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. तेव्हा त्या हिशेबाने देऊ नका, मन असेल तर द्या.

संस्थेचा पैसा गल्ल्यात ठेवू नका. एक रात्रसुद्धा नाही. मी एकदा शाळेच्या देणगीचे अकरा हजार ड्रॉवरच्या मागच्या कप्प्यात ठेवले होते. दुपारी ट्रक आला, मी जेवायला गेलेलो, दुकानातल्या पोराने हमाली त्यातूनच दिली. संध्याकाळी मी भर घातली, एका पैचा फरक नव्हता. पण ते देताना शाळेचा एक पालक काउंटरवर उभा होता. पुढच्या सभेत "संस्थेच्या पैशावर दुकान चालतं" असा शब्द आला. तीस वर्षांचं नाव आणि अकरा हजार रुपये. तेव्हापासून वर्गणी येते ती संस्थेच्या खात्याच्या क्यूआर कोडवर, आणि कोणी रोख दिलीच तर चारच्या आत बँकेत.

विश्वस्त असाल तर धर्मादाय कार्यालयाचं काम वेळेत करा. विश्वस्त बदलला की बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो. गावोगावच्या न्यासांच्या नोंदीत अजून वारलेल्या माणसांची नावं आहेत, आणि मग एके दिवशी बँक म्हणते की सह्या जुळत नाहीत, खातं चालवता येणार नाही. तुमच्या वडिलांच्या देवस्थानाचं हे आधी तपासा. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

पतसंस्थेबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही. मग मोलमजुरी करणारी बाई तिथे पैसे का ठेवते? व्याज जरा जास्त असतं हे एक, आणि दुसरं म्हणजे संचालकांच्या फोटोत तुम्ही दिसता. ठेव ती तुमच्या तोंडाकडे बघून ठेवते. उद्या काही गडबड झाली तर सहकार कायद्याच्या कलम 88 खाली संचालकांवर वसुली लागू शकते, हा तुमचा प्रश्न. पण त्याआधी ती बाई दुकानात येऊन उभी राहील. मला तिसऱ्यांदा उभं राहा म्हणत होते. कर्जवाटपाच्या सभेत कागद आदल्या दिवशी मिळत नाहीत, टेबलावर आल्यावर सह्या मागतात, एवढं एक कारण मला पुरलं. तुमच्या वडिलांना विचारा, कागद कधी मिळतात.

लोकांना वाटतं समाजकार्य म्हणजे देणगी. देणगी सोपी असते हो, फोटोही येतो. अवघड असतो तो वाईटपणा. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं नाव आपण दानशूर म्हणून घेतो. पण मला त्यांचं 1928 मधलं काम मोठं वाटतं. वर्ध्यात घराण्याचंच लक्ष्मीनारायणाचं मंदिर होतं, ते त्यांनी दलितांना खुलं केलं. दुसऱ्याच्या मंदिराबद्दल भाषण करणं वेगळं आणि आपल्या घराण्याच्या देवळाची कडी काढणं वेगळं. त्यात गिऱ्हाईकही तुटतं आणि भावकीही. तेवढी आपली उंची नाही. आपल्या मापाचा वाईटपणा म्हणजे गटारावर पायऱ्या बांधणाऱ्या शेजारच्या व्यापाऱ्याला काढ म्हणणं. मी म्हटलं, आणि आधी स्वतःच्या दुकानाची पायरी फोडली, नाहीतर माझं ऐकतो कोण. शेजारी अजून माझ्याकडून कुलूपसुद्धा घेत नाही.

आता पुराबद्दल लिहितो, कारण आईच्या वाक्याचं खरं उत्तर मला तिथे मिळालं.

चिपळूणला पाणी नवं नाही. वाशिष्ठी आणि शिव नदी, खाली दाभोळच्या खाडीची भरती, वरून सह्याद्रीचा पाऊस. 26 जुलै 2005 ला दुकानात जे पाणी आलं त्याची खूण मी खांबावर ऑईलपेंटने काढून ठेवली होती, आणि त्या खुणेच्या वर हातभर उंचीवर पोटमाळा घेतला होता. वह्या, कॉम्प्युटर, महाग नळ सगळं वर. 22 जुलै 2021 ला पाणी माळ्यावरूनही गेलं. ओसरल्यावर शटर तोडून आत गेलो तर ओळखू येईना. वीस लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या तरंगत जाऊन छताला चिकटल्या होत्या आणि पाणी उतरताना जिथे टेकल्या तिथे उलट्या पडल्या होत्या. सिमेंटच्या 120 पोत्यांचे पोत्याच्याच आकाराचे दगड झाले होते, शिवणीसकट. खिळ्यांच्या पेट्या फोडल्या तर आत गंजून एकच गठ्ठा. गुडघाभर चिखल.

आणि मी काय केलं? दोन दिवस गावात फिरत होतो. पाण्याच्या बाटल्या, चादरी, जुने कपडे यांचे ढीग येत होते, आणि हार्डवेअरवाला म्हणून मला दिसत होतं की लोकांना हवीत फावडी, घमेली, गमबूट, ब्लिचिंग पावडर आणि प्रेशर पंप. मुंबईच्या घाऊकवाल्यांना फोन करून फावडी मागवली, त्यांनी बिलाचा विषयही काढला नाही. वाचनालयात पुस्तकं भिजली होती, 1864 सालचं ते वाचनालय, 2005 लाही भिजलेलं. मी तिथला साधा वर्गणीदार, पण बघवेना म्हणून तिथेही हात लावला. दुकानात चिखल उपसत होते बायको आणि मुलगा.

तिसऱ्या दिवशी मुलगी कशीबशी ठाण्याहून पोचली. मी फावड्यांचं वाटप लिहून घेत होतो. ती आईच्या हातातलं फावडं घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या यादीत आपलं दुकान कितवं आहे?"

यादीत नव्हतं.

दुपारी घरी गेलो. त्यानंतर आठ दिवस मी फक्त माझ्या दुकानातला चिखल काढला. संघटनेची कामं दुसऱ्यांनी केली, माझ्यापेक्षा काही वाईट केली नाहीत. हे कळायला मला पस्तीस वर्षं आणि एक पूर लागला.

उधारीच्या वह्या गेल्या होत्या. अंदाजे पावणेपाच लाखांची येणी होती. अशा वेळी लोक आपणहून येऊन पै-पै देतात अशा गोष्टी तुम्ही ऐकाल. माझ्याकडे काही आले, आपणहून आकडा सांगून देऊन गेले. काहींनी आकडा कमी सांगितला, मला आठवत होता, मी नुसती मान डोलावली. काही समोरून जाताना मोबाईल कानाला लावतात ते आजतागायत. साधारण तीन लाख आले. एका गवंड्याने दिले ते पैसे त्याने मेमध्येच दिले होते हे मला नंतर मोबाईलच्या मेसेजवरून कळलं, परत करायला गेलो तर म्हणाला, पुढच्या मालात धरा. आता उधारी मोबाईलवर असते, सर्व्हरवर, मुलगा बघतो.

विम्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. माझा स्टॉक होता चाळीस लाखांच्या आसपास आणि पॉलिसी होती वीस लाखांची, हप्ता वाचवायला. मला वाटायचं वीसपर्यंतचं नुकसान पूर्ण मिळेल. तसं नसतं. अर्ध्याच मालाचा विमा असेल तर नुकसानही अर्धंच मिळतं, सरासरीचं कलम म्हणतात त्याला. तुमच्या वडिलांची पॉलिसी काढा आणि पत्रे-पाईपांच्या आजच्या भावाने स्टॉक मोजून बघा. दहा वर्षांपूर्वीचा आकडा असणार, पैज लावतो.

बहिणीचं राहिलं. तुम्ही परत येताय म्हणजे दुकान आपोआप तुमचं असं धरून चालू नका, आणि वडील गप्प आहेत म्हणजे त्यांची संमती आहे असंही नाही. वडिलोपार्जित मिळकत असेल तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर ते मृत्युपत्र करू शकतात. जागा, माल आणि येणी हे तीन वेगवेगळे विषय आहेत. तुम्ही राबून पुढे जे वाढवाल त्याचं काय, हे आजच ताईला बसवून लिहून काढा. दहा वर्षांनी धंदा दुप्पट झाल्यावर हा विषय काढलात तर तुम्ही दोघंही बरोबर असाल आणि बोलणं बंद असेल. मी मुलाला आणि बायकोला भागीदार करून घेतलं, जागेबद्दल मुलीशी वेगळं ठरवलं. माझी सगळी घडी बसली आहे असं समजू नका. मुलगा मला सांगतो की तुम्ही अजून आठ वाजता कोणी बोलावलं की चपला घालता. घालतो. सवय आहे. पण आता जेवून.

तेव्हा तुम्ही नोकरीचा राजीनामा द्यायच्या आधी एक रविवार गावी जा. धंद्याचं काही काढू नका, जीएसटी, कॉम्प्युटर, नवी रॅक, सगळं नंतर. वडिलांना एवढंच विचारा की तुमच्या सह्या कुठे कुठे आहेत. कोणाला जामीन आहात, कोणत्या संस्थेच्या चेकवर सही चालते, कोणत्या न्यासावर नाव आहे, कोणाचं भाडेपत्र, कोणाच्या कर्जाला साक्षीदार. ते म्हणतील, दोन-तीन ठिकाणी असतील. कागद-पेन घेऊन बसा आणि आईला शेजारी बसवा. बाकीच्या तिला आठवतील.